पहिला उतरेल तो

दुकानदारानं विचारलं, "नातवाला का?" आणि मी "हो" म्हणालो. दोन कानांचा प्लास्टिकचा पेला, घट्ट बसणारं झाकण, झाकणाला चोच. आधीच्या पेल्याची चोच चावून चावून फाटली होती. दुकानदारानं दोन रंग पुढे ठेवले आणि म्हणाला, "मुलांना पिवळा आवडतो." मी पिवळा घेतला. आम्हाला मूलच झालं नाही, नातू कुठून येणार? पेला माझ्या मेहुण्यासाठी होता, बायकोच्या धाकट्या भावासाठी. ती त्याला बारक्या म्हणते, म्हणून मीही म्हणतो. बारक्या अठ्ठावन्न वर्षांचा आहे. त्याचे हात इतके थरथरतात की साध्या पेल्यातलं पाणी तोंडापर्यंत जाईतो अर्धं छातीवर सांडतं. हे दुकानदाराला सांगायला काही हरकत नव्हती. तो फार तर 'अरेरे' म्हणाला असता. पण 'अरेरे'च्या पाठोपाठ 'कशानं झालं हो?' येतं, आणि तो प्रश्न यायच्या आधी तिथून निघायची सवय मला सव्वीस वर्षांची आहे.

बाहेर ऊन अगदी डोक्यावर होतं. दुकानांच्या पुढे आलेल्या पत्र्यांखालून सावली धरून चाललो होतो. आधी डांबराचा वास आला. हा वास मला आवडतो, हे मान्य केलं पाहिजे. तीस वर्षं तो माझ्या कपड्यांना, केसांना, जेवणाच्या डब्याला होता, आणि काम सुटल्यावर कितीतरी दिवस मला माझीच उशी परक्या माणसाची वाटत होती. पुढच्या वळणावर एका गोदामाच्या सपाट छतावर डांबर घालत होते. खाली रस्त्याच्या कडेला भट्टी, भट्टीवर काळं पिंप, पिंपात लांब पळी घालून ढवळणारा एक माणूस. वर कठड्याला कप्पी बांधलेली, दोरावरून बादली चढत होती. निवृत्त स्वयंपाकी दुसऱ्याच्या चुलीकडे बघतो, तसा मी थांबलो. पिंपाची आच जरा जास्त होती. बादली अर्ध्याहून जास्त भरली होती, ती इतकी भरू नये. असं मनातल्या मनात चाललं होतं, तेवढ्यात वरून आरोळी आली, "लोणी वितळलं! अरे, लोणी वितळलं!" आणि चार-पाच जण खदाखदा हसले.

मला आधी वाटलं, मीच ओरडलो. खरंच वाटलं. मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी माझ्याकडे बघतंय का म्हणून. मग वर पाहिलं. निळ्या शर्टातल्या एका माणसानं कठड्यावरून शिडीवर एक पाय टाकला होता. हसणं ऐकून त्यानं तो पाय परत वर घेतला. तोही हसत होता. हसत हसत तो आत गेला आणि दिसेनासा झाला. एवढंच झालं. रस्त्यावरून माणसं जात होती, त्यांना काही कळायचं कारण नव्हतं. मी मात्र पिवळ्या पेल्याची पिशवी छातीशी धरून उभा राहिलो. ते शब्द माझे होते. नुसते शब्दच नाही, त्यांची चालसुद्धा माझी होती, 'लोणी' लांबवायचं आणि 'वितळलं' एकदम खाली आपटायचं. या टोळीतल्या कुणालाही मी ओळखत नव्हतो. मी काम सोडलं तेव्हा यांतले निम्मे शाळेत असतील. आणि तरी ते माझ्या तोंडानं ओरडत होते.

मी मुकादम होतो. छतांवर डांबर घालणाऱ्या नऊ जणांच्या टोळीचा. या कामात साखळी तुटून चालत नाही. खालच्यानं पिंपातून बादली भरायची, दुसऱ्यानं दोर ओढायचा, तिसऱ्यानं बादली डांबराच्या चालू पट्ट्यापर्यंत न्यायची, ओतायची, आणि झाडूवाल्यांनी लांब दांड्याच्या झाडूंनी ती झटपट पसरायची. एक माणूस मध्येच निघून गेला की पुढची बादली थंड होते, डांबर गोळे धरतं, पट्टा उखडून पुन्हा घालावा लागतो. वर पाणी न्यायचं नाही, हा नियमही माझाच. एकदा पाण्याची कळशी कलंडून गरम डांबराच्या बादलीत पाणी गेलं होतं. डांबर फसफसून उसळलं आणि एकाचा पाय घोट्यापर्यंत भाजला. त्या दिवसापासून पाण्याचा हंडा खाली, भट्टीपलीकडे भिंतीच्या सावलीत. ज्याला तहान लागेल त्यानं खाली उतरावं. नियम चांगला होता. आजही मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, नियम चांगला होता. पण पाणी खाली गेल्यावर माणसंही खाली जायला लागली, एकापाठोपाठ एक. उतरलं की चूळ भरायची, तोंडावर पाणी मारायचं, भिंतीला टेकायचं. माझ्या आधीचा मुकादम आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. मला शिवी देणं कधी जमलं नाही, आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. एका दुपारी एकजण शिडीकडे निघाला आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "बघा, लोणी वितळलं!" सगळे हसले. तो थबकला, डोकं खाजवलं आणि परत फिरला. दुसऱ्या दिवशी मी त्याला पुढचं शेपूट जोडलं, दिवसात पहिला उतरेल तो त्या दिवसाचं लोणी, आणि संध्याकाळी सगळ्यांचे झाडू रॉकेलनं धुवायचं काम लोण्याचं. पंधरवड्यात माणसं दुपारच्या सुट्टीपर्यंत उतरेनाशी झाली. ठेकेदार एकदा पाहून गेला आणि चारचौघांत म्हणाला, "याच्याकडून शिका. शिवी नाही, आवाज नाही, आणि साखळी तुटत नाही." त्या रात्री मी घरी येऊन बायकोला ते वाक्य तीनदा सांगितलं होतं.

बारक्या तेव्हा बत्तीस वर्षांचा. मीच त्याला कामाला लावलं होतं. दुसरीकडे कुठे टिकत नव्हता, हिनं गळ घातली, "तुमच्या नजरेखाली राहील." आणि तो राहिला. झाडू उत्तम मारायचा, गायचा वाईट, आणि लोण्याच्या गमतीत सगळ्यांत पुढे. कुणी नुसतं उठून उभं राहिलं तरी ओरडायचा, "दाजी, पाघळतंय बघा!" तो स्वतः कधी लोणी झाला नाही. मुकादमाचा मेहुणा आधी उतरला तर बरं दिसलं नसतं, असं त्याला वाटत असावं. मलाही तसंच वाटत होतं. मी ते बोललो नव्हतो कधी, पण घरच्या माणसाला न बोलताही कळतं.

तो दिवस आजच्यासारखाच. वारा पडलेला, छताचा वरचा थर बुटांच्या तळव्यांना गोणपाट बांधूनही चटके देत होता. डांबर उडतं म्हणून सगळ्यांचे शर्ट लांब बाह्यांचे, गळ्यापर्यंत बटणं लावलेले. साडेअकराच्या सुमाराला बारक्या झाडू टेकवून शिडीपाशी आला. कठड्याला धरून उभा राहिला, पाठमोरा झाला, आणि एक पाय खाली सोडला. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. बाकीचे पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं, असं नंतर मला पुष्कळदा वाटलं, कारण आरोळी सगळ्यांची असते. मी नुसतं विचारलं. हळूच, भुवया उंचावून, त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं, "लोणी?" बारक्या हसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते, आणि हसताना ते दातांना चिकटले, हे मी पाहिलं. पाहिलं, असं आज म्हणतो. तेव्हा पाहून काय केलं, तर काही नाही. त्यानं पाय वर घेतला आणि झाडूकडे परत गेला.

मग अर्ध्याएक तासानं तो घातलेल्याच पट्ट्यावर पुन्हा झाडू मारायला लागला. सगळे हसले. एकानं विचारलं, "काय रे, पॉलिश करतोस का?" बारक्या त्याच्याकडे वळून गंभीरपणे म्हणाला, "दार लावून घे, मांजर आत येईल." छतावर दार कुठलं आणि मांजर कुठलं! हसून हसून एकाला ठसका लागला. मीही हसलो. बारक्या विनोदीच होता, त्याचं काही खरं धरायचं नाही, असं आमचं ठरलेलंच होतं. चालताना त्याचे पाय एकमेकांत अडकत होते, तेही आम्हाला नक्कलच वाटली. आणखी तासाभरानं मी त्याच्याजवळ गेलो तेव्हा त्याचा शर्ट कोरडा होता. आम्ही बाकीचे निथळत होतो आणि त्याचा शर्ट कोरडा, पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे. मनात आलं, चला, ह्याचा घाम तरी थांबला, सरावला ऊन सोसायला. आज ते वाक्य आठवलं की मी ज्या खोलीत असेन तिथून उठून दुसऱ्या खोलीत जातो. पुढच्या घटकेला तो आडवा झाला. हात लावला तर अंग पिंपाच्या पत्र्यासारखं तापलेलं, आणि डोळे उघडे, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी त्याला पाठीवर घेऊन शिडी उतरलो. हे खरं आहे. खाली सगळ्यांनी हंडा त्याच्यावर रिकामा केला, कुणीतरी टेम्पो थांबवला, टेम्पोतही मी ओलं गोणपाट त्याच्या छातीवर धरून होतो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बरळायला लागून किती वेळ झाला?" मी म्हणालो, "अर्धा तास." तसा कागद झाला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. पन्नाशीनंतर हिनंच मला अक्षरं शिकवली, पिठाच्या डब्याच्या झाकणावर बोटानं काढून. एक दिवस कपाटातल्या पिशवीत तो कागद हाती लागला आणि मी एकेक अक्षर जोडत गेलो, आणि जोडून झालेले पहिले दोन शब्द 'अर्धा तास' असे निघाले. माझं खोटं मलाच वाचून दाखवायला मी शिकलो होतो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "वा, मोठे कागद वाचायला लागलात की!"

बारक्या वाचला. डॉक्टर म्हणाले, उष्णता डोक्यापर्यंत पोचली, तोल आणि बोलणं यांचा भाग भाजून निघाला, तो परत येत नाही. त्याचं लग्न ठरत आलं होतं, तो विषय मग दोन्हीकडून कुणी काढला नाही. तो आमच्याकडे आला तो कायमचा. आणि ही? ही गेली सव्वीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "ह्यांनी पाठीवर घेऊन उतरवलं म्हणून माझा भाऊ आज दिसतोय." त्या वेळी मी नखं बघतो. लोकांना तो माझा विनय वाटतो.

हे सगळं त्या गोदामासमोर उभ्या उभ्या किती वेळात डोक्यातून गेलं, सांगता येणार नाही. भट्टीवाला हाका मारत होता. "ओ काका, मागे व्हा. उडालं तर डाग जायचा नाही." मी मागे व्हायच्या ऐवजी जवळ गेलो आणि विचारलं, "हे लोणी काय प्रकार आहे?" तो हसला. वयानं चाळिशीचा, भुवया जळलेल्या. म्हणाला, "आमच्या धंद्यातली गंमत आहे. पहिला खाली उतरेल तो लोणी. संध्याकाळी झाडू त्यानं धुवायचे." मी म्हटलं, "कुणी काढली?" "फार जुनी आहे. कुणी एक मुकादम होता म्हणतात. भारी डोक्याचा माणूस. तोंडातून शिवी नाही, पण माणसं कशी ताठ!" आणि इथे जे झालं ते मला लिहायलाच हवं. मला बरं वाटलं. क्षणभरच, पण कुणी पाठीवर थाप मारावी तसं स्पष्ट, छातीत उबदार, बरं वाटलं. माझं नाव कुणाला ठाऊक नाही, पण माझी गंमत राहिली. आणि लगेच हातातल्या पिशवीत पेल्याचा कान बोटांना लागला.

मी म्हणालो, "त्या निळ्या शर्टाला खाली बोलवा." "कशाला? तुमचा कोण लागतो?" "कुणी नाही. त्याला पाणी द्या." भट्टीवाल्यानं वर बघून ओरडून सांगितलं, "ए, तुला इथे काका बोलावताहेत, पाणी पाजायला!" वर पुन्हा हशा. कुणीतरी म्हणालं, "बाटलीनं पाजणार का मांडीवर घेऊन?" निळा शर्ट कठड्यापाशी आला. लांबून चेहरा नीट दिसत नव्हता, पण त्यानं दोन्ही हातांनी कठडा धरला होता, आणि कठडा असा कुणी धरत नाही, जर पायांवर भरवसा असेल तर. मी "ये खाली" म्हणून हात हलवला. त्यानं मागे टोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. हसून. मला ते हसणं माहीत होतं.

मी पिशवी भिंतीशी ठेवली आणि शिडी चढायला लागलो. एकाहत्तर वर्षांचे गुडघे, पायात चपला. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. भट्टीवाला पळी टाकून धावला, "अहो, काय करताय! मरायचंय का?" चौथ्या पायरीवर मी अडकलो, वर जाता येईना, खाली येता येईना. वरून सगळी टोळी वाकून बघत होती. त्यांचा मुकादम, मिशीवाला, घाबरून ओरडला, "काका, घट्ट धरा! हलू नका!" भट्टीवाल्यानं माझी कंबर धरली आणि एकेक पाय हातानं उचलून मला खाली उतरवलं, एखादं लहान पोर उतरवतात तसं. जमिनीला पाय लागले तसा मी वर तोंड करून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "लोणी वितळलं! आज पहिला मी उतरलो. आजचं लोणी मी!"

मग असा हशा उसळला की रस्त्यावरची माणसं थांबली. मिशीवाला कठड्यावर हात आपटत म्हणाला, "बरोबर आहे! शिडीवरून पहिले काकाच उतरले! संध्याकाळी झाडू धुवायला या, काका!" मी म्हटलं, "येतो. पण आता बाकीच्यांना उतरायला हरकत नाही. उतरवा त्याला." आणि निळा शर्ट उतरला, कारण आता त्याला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. हंड्यापाशी बसून तो चार तांबे पाणी प्यायला. मी त्याच्या पाठीला हात लावला. पाठ ओली होती. घामानं चिंब. एखाद्या ओल्या शर्टाचं मला इतकं बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्याच्यामागून आणखी दोघं उतरले. मी भट्टीवाल्याला म्हणालो, "पाणी वर नेऊन ठेवा. डांबरापासून लांब, कोपऱ्यात, झाकून." तो म्हणाला, "वर पाणी न्यायचं नसतं काका. धंद्याचा नियम आहे." मिशीवाल्यानं वरून विचारलं, "तुम्ही या कामातले का?" एवढं सोपं होतं. एक शब्द सांगायचा होता. मी म्हणालो, "नाही. मेहुणा होता माझा," आणि पिशवी उचलून निघालो.

घरी आलो तेव्हा बारक्या खिडकीशी त्याच्या खुर्चीत होता आणि ही त्याच्या गळ्यातलं लाळेरं बदलत होती. मी पेला पुढे केला. हिचं लक्ष पेल्याकडे गेलंच नाही. "हे हात काय? डांबर? कुठे गेला होतात तुम्ही या वयात?" शिडीच्या दांड्यांना लागलेलं डांबर माझ्या दोन्ही तळव्यांना चिकटलं होतं. ती वाटीत गोडं तेल आणि एक चिंधी घेऊन आली, मला स्टुलावर बसवलं आणि माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन चोळायला लागली. तेलानं डांबर सुटायला लागलं तसा त्याचा वास खोलीभर झाला. बारक्यानं मान वळवली. त्याच्या नाकपुड्या हलल्या. त्याला कुठलाही शब्द बाहेर काढायला वेळ लागतो, आधी हनुवटी थरथरते, मग ओठ. आम्ही दोघंही थांबलो. त्यानं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि हळूच, मला एकट्यालाच ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "लो... णी?"

आणि हसला. त्या हसण्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी केलं असतं. त्याला ते नुसतं आठवलं होतं, की त्याच्या अंगालाच आठवलं होतं, कोण जाणे. ही म्हणाली, "अगंबाई, लोणी म्हणाला! कितीतरी वर्षांनी नवा शब्द काढला रे बारक्या! लोणी हवंय तुला?" तिचा चेहरा उजळला होता. मी म्हणालो, "त्याला लोणी नकोय."

मग मी सांगितलं. ती माझा हात चोळत होती आणि मी सांगत होतो, हंडा खाली का ठेवला, लोणी म्हणजे काय, ठेकेदार काय म्हणाला. तिनं मध्ये एकदा विचारलं, "म्हणजे तुम्हीच काढलं होतं ते?" मी हो म्हटलं. चिंधी चालूच होती, बोटांच्या पेरांतून, नखांच्या कडेनं. मग म्हणालो, "तो उतरायला आला होता. साडेअकराला. त्यानं पाय शिडीवर टाकला होता." चिंधी थांबली. "मी विचारलं, लोणी? आणि तो परत गेला. दवाखान्यात मी अर्धा तास म्हटलं, ते खोटं. त्याच्या डोक्यातला गोंधळ मी बराच आधी पाहिला होता. मी हसत होतो." बारक्या खुर्चीत अजून हसतच होता, आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत.

तिनं माझ्या तळव्याकडे पाहिलं. तो स्वच्छ झाला होता, तेलानं चकाकत होता. मग तिनं तो आपल्या मांडीवरून उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. तेलाची वाटी जमिनीवरून माझ्या बाजूला सरकवली, वर चिंधी ठेवली.

"दुसरा तुमचा तुम्ही पुसा," ती म्हणाली.

उठून तिनं पिवळा पेला धुतला, माठातलं पाणी भरलं, झाकण दाबून बसवलं, आणि भावाची मान डाव्या हाताच्या खळग्यात घेऊन चोच त्याच्या ओठांना लावली. मला ऐकू येत होतं, घोट घोट. तो पीत राहिला. तिनं पुन्हा भरला.